‘रिकामीच आहे’ असं कोण म्हणालं? बंदूक भरलेली आहे का, हे तपासायची पद्धत

नौपाड्यातल्या एखाद्या सराफाच्या गल्ल्याखाली रिव्हॉल्वर असतं. वाशीच्या एपीएमसीत रोकड सांभाळणाऱ्या एखाद्या व्यापाऱ्याच्या कमरेला .३२ चं पिस्तूल असतं. ऐरोलीत किंवा घणसोलीत एटीएमसमोर कॅश व्हॅन थांबली की बारा बोरची दुनळी घेतलेला गार्ड आधी उतरतो. शहापूर-मुरबाडकडे शेतकऱ्याच्या घरी पीकराखणीच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक असू शकते. ही सगळी कायदेशीर हत्यारं आहेत आणि ज्यांच्याकडे आहेत ती माणसं साधी, कुटुंबवत्सल आहेत. तरीही या हत्यारांच्या बाबतीत मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती एका वाक्याची: ‘घाबरू नका, रिकामीच आहे.’

गार्ड लोकांना हत्यार हाताळायला शिकवणं हे माझं काम. शिकाऊ गार्ड असो की वीस वर्षं परवाना बाळगणारे शेठ, मी प्रत्येकाला एकच विचारतो: रिकामी आहे हे पाहिलं कुणी? आत्ता, या क्षणी, स्वतःच्या डोळ्यांनी? उत्तर ‘काल मीच काढून ठेवली होती’ असं आलं, तर ती बंदूक भरलेली आहे असंच धरून पुढचं काम करायचं.

असं का, याची दोन उदाहरणं सर्वांना माहीत आहेत. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा जुहूच्या घरातून निघायच्या तयारीत होते. स्वतःचं परवान्याचं रिव्हॉल्वर ठेवताना त्यातून गोळी सुटली आणि त्यांच्याच पायात घुसली. त्याआधी २१ ऑक्टोबर २०२१ रोजी अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या एका चित्रपटाच्या सेटवर छायाचित्रकार हलिना हचिन्स यांचा जीव गेला. तिथलं रिव्हॉल्वर ‘यात काही नाही’ असं सांगून हातात दिलं गेलं होतं. आत खरी गोळी होती. पहिल्या घटनेत हत्यार मालकाच्याच हातात होतं, दुसरीत त्याच कामासाठी नेमलेली माणसं सेटवर होती. म्हणजे अनुभव आणि हुद्दा इथे उपयोगाला येत नाहीत. उघडून पाहणं तेवढं उपयोगाला येतं.

आधी हाताला लावायच्या सवयी

जगभर शिकवले जाणारे चार नियम जेफ कूपर या अमेरिकन प्रशिक्षकाच्या नावानं ओळखले जातात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा. ज्याला इजा होऊ नये असं वाटतं त्याच्याकडे नळीचं तोंड कधीही जाऊ देऊ नका. नेम धरून गोळी झाडायचा निर्णय होईपर्यंत बोट ट्रिगरवर नको. आणि समोर काय आहे, त्याच्या मागे काय आहे, हे माहीत असू द्या.

यातला तिसरा नियम पाळायला सर्वांत सोपा आणि मोडायलाही तितकाच सोपा. बोट ट्रिगरगार्डच्या बाहेर, फ्रेमला समांतर, सरळ ताणलेलं हवं. दचकलो, पाय घसरला, हातातून वस्तू निसटली की माणसाची मूठ आपोआप आवळते. त्या क्षणी बोट आत असेल तर गोळी सुटते. पडणारं हत्यार झेलायला जाऊ नका, हेही याचसाठी सांगतात. झेलणाऱ्याचं बोट नेमकं ट्रिगरमध्ये अडकतं. लादीवर पडून दस्त्याला चरा गेला तर जाऊ दे.

फ्लॅटमध्ये सुरक्षित दिशा कुठली?

पुस्तकात लिहिलेलं असतं, ‘तोंड सुरक्षित दिशेला ठेवा.’ ते रेंजवर ठीक आहे, तिथे समोर मातीचा बांध असतो. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर राहणाऱ्यानं काय करायचं? खाली अकराव्या मजल्यावरचं कुटुंब, वर तेराव्यावरचं, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं बाळ झोपलेलं, खिडकीसमोर दुसरी विंग. आतल्या पार्टिशनच्या भिंतीवर गोळी अडवायचा भरवसा ठेवता येत नाही. कॉलमवर किंवा स्लॅबवर मारलेली गोळी उसळून खोलीतच फिरते, शिवाय फुटलेल्या लादीचे तुकडे उडतात ते वेगळेच. ‘वर छताकडे धरतो’ हेही उत्तर नाही.

पोलीस ठाण्याच्या शस्त्रागारात हत्यार भरताना-उतरवताना तोंड त्याकडे धरायला वाळूची पेटी किंवा वाळूनं भरलेला पिंप ठेवतात. तीच सोय घरी करा. रंगाची वीस लिटरची रिकामी बादली घ्या आणि काठापर्यंत कोरडी, चाळलेली वाळू भरा. ती बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात ठेवा, पलंग-सोफ्यापासून लांब. हत्यार उघडताना तोंड वाळूच्या मध्यावर, वरून खाली, बादलीच्या पूर्ण खोलीचा उपयोग होईल असं धरायचं. नळी वाळूत रोवायची नाही, नाहीतर तीच चोंदेल. तोंड वाळूपासून चार बोटं वर राहू द्या. बादली हा शेवटचा आधार आहे. ती आहे म्हणून ट्रिगर दाबून बघायची मोकळीक मिळत नाही.

तपासणीच्या वेळी खोलीत दुसरं कुणी नको. टीव्ही बंद, फोन बाजूला, दिवा लावलेला. फोन वाजला आणि मध्येच काम सोडावं लागलं, तर परत आल्यावर पहिल्या पायरीपासून सुरुवात करायची. अर्धवट राहिलेल्या तपासणीवर मी कधीही विश्वास ठेवत नाही.

पिस्तूल: क्रम चुकला की सगळं चुकलं

लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज पिस्तुलाबद्दल आहे. मॅगझिन, म्हणजे दस्त्यात बसणारी गोळ्यांची डबी, काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असं समजतात. मॅगझिन काढल्यावरही चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेत, एक गोळी उरलेली असू शकते, आणि बऱ्याच मॉडेलांत मॅगझिन बाहेर असतानाही ती गोळी सुटते.

तोंड वाळूकडे, बोट बाहेर. सेफ्टी लावूनही स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे येत असेल तर लावलेलीच राहू द्या. काही पिस्तुलांत सेफ्टी लावली की स्लाइड अडते, तिथे ती काढावी लागते, म्हणून आपल्या मॉडेलचं पुस्तक एकदा नीट वाचा. आता मॅगझिनचं बटण किंवा खालचा खटका दाबून मॅगझिन आधी काढा आणि खिशात टाका, टेबलावर हाताशी ठेवू नका. त्यानंतर स्लाइड पूर्ण मागे ओढा. चेंबरमध्ये राउंड, म्हणजे गोळीसकट अख्खं काडतूस, असेल तर तो बाहेर उडेल. उडू द्या, जमिनीवर पडू द्या. वरून तळहात झाकून तो पकडायची ‘स्टाइल’ काही जण दाखवतात. राउंड तिरपा होऊन त्याच्या तळाची, ठिणगी पाडणारी टोपी आतल्या टोकदार भागावर आपटली, तर तो तळहाताखालीच फुटतो. त्यात बोटं जातात.

स्लाइड आणखी दोनदा मागेपुढे करा. मग ती मागे अडकवा. अडकवायची सोय नसेल तर हातानं मागे धरून ठेवा आणि आत बघा. दोन जागा बघायच्या: चेंबर, आणि जिथे मॅगझिन बसतं ती पोकळी. नंतर करंगळीचं टोक चेंबरमध्ये घालून चाचपा. चेंबर रिकामं असेल तर बोटाला गोल, रिकामी कड लागते. राउंड असेल तर पितळेचा सपाट तळ लागतो. डोळा फसतो, विशेषतः रात्री आणि घाईत. जे असायला हवं असं मनात असतं तेच डोळ्याला दिसतं. बोटाला तसं होत नाही. म्हणून नजर एकदा दुसरीकडे वळवा आणि परत आत बघा.

आता क्रम उलटा झाला तर काय होतं ते पाहा. समजा, मॅगझिन आत असतानाच तुम्ही स्लाइड ओढली. चेंबरमधली गोळी बाहेर पडली, तुम्ही ती पाहिली, मनाला समाधान वाटलं. स्लाइड पुढे जाताना तिनं मॅगझिनमधला वरचा राउंड उचलून चेंबरमध्ये बसवला. मग तुम्ही मॅगझिन काढलं. एका हातात मॅगझिन, जमिनीवर पडलेला राउंड, सगळं रिकामं केल्याचा पुरावा डोळ्यांसमोर आहे, आणि पिस्तूल भरलेलं आहे. ‘मी स्वतः रिकामं केलं होतं साहेब’ असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्यानं दोन्ही गोष्टी केलेल्या असतात, फक्त उलट्या क्रमानं.

शेवटी गोळ्या मोजा. भरताना किती होत्या आणि आता मॅगझिनमध्ये व जमिनीवर मिळून किती आहेत, हा हिशेब जुळला पाहिजे. एक कमी भरली तर ती सापडेपर्यंत काम संपलेलं नाही.

रिव्हॉल्वर

आपल्याकडचं ऑर्डनन्स फॅक्टरीचं जुन्या पद्धतीचं .३२ रिव्हॉल्वर मधून मोडून उघडतं. घोड्याजवळचा (टोपीवर आपटणाऱ्या हातोडीजवळचा) खटका दाबला की नळी खाली झुकते, सिलिंडर वर येतं आणि आतली चांदणी काडतुसांना वर ढकलते. महिलांसाठी म्हणून २०१४ मध्ये आलेलं ‘निर्भीक’ही मधूनच उघडतं. २०२३ मध्ये आलेल्या ‘प्रबल’चं सिलिंडर बाजूला बाहेर पडतं.

उघडल्यावर तोंड वर करून सगळी काडतुसं तळहातावर किंवा टॉवेलवर पाडा. मग सिलिंडर हळू फिरवत प्रत्येक भोकातून उजेड आरपार दिसतो का ते बघा. एक, दोन, तीन… सहा, मोठ्यानं मोजा. एखादं काडतूस चांदणीखाली अडकून मागे राहतं, विशेषतः पितळ हिरवटलं असेल तर. मागून टोपीवर खळगा दिसला म्हणून ‘हे फुटलेलं आहे’ असं ठरवू नका. घोडा पडूनही न फुटलेल्या जिवंत काडतुसावरही तसाच खळगा असतो.

जुन्या रिव्हॉल्वरांत आणखी एक धोका आहे. घोडा आणि टोपी यांच्यामध्ये अडसर नसेल, किंवा झिजला असेल, तर खाली पडल्यावर दणका थेट टोपीला बसतो. वडिलोपार्जित रिव्हॉल्वर असेल तर ते परवानाधारक शस्त्र दुरुस्ती करणाऱ्याकडून तपासून घ्या आणि तोवर भरून ठेवू नका. घोडा चढलेला आहे आणि तो हळूच उतरवायची तुम्हाला सवय नाही, तर प्रयोग करू नका. तोंड वाळूकडे करून ते जिथल्या तिथे ठेवा, खोलीतली माणसं बाहेर काढा आणि जाणकाराला घरी बोलवा. त्या अवस्थेत ते गाडीत घालून कुणाकडे नेऊ नका.

दुनळी, पंप आणि ठासणीची

गार्डच्या हातातली बारा बोरची दुनळी तपासायला सोपी आहे, म्हणून तपासली जात नाही. वरचा खटका बाजूला सरकवा, नळ्या खाली झुकवा, दोन्ही काडतुसं काढा, नळ्यांतून उजेडाकडे बघा. दोन स्वच्छ गोल दिसले पाहिजेत. यात नळी मोकळी आहे का हेही कळतं. महिनोन् महिने कोपऱ्यात उभ्या असलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते. तशी चोंदलेली नळी बार काढताना फुगते किंवा फाटते. बंद करताना नळी वर उचलू नका, दस्ता वर आणा, म्हणजे तोंड जमिनीकडेच राहतं.

दुनळीच्या सेफ्टीवर फार विसंबू नका. बहुतेक दुनळ्यांत ती फक्त ट्रिगर अडवते. आतला घोडा चढलेलाच असतो आणि जोराचा दणका बसला, भाग झिजलेले असले, तर तो सुटू शकतो. व्हॅनच्या दाराला टेकवून ठेवलेली भरलेली बंदूक स्पीडब्रेकरवर आडवी होते तेव्हा नेमकं हेच घडायची भीती असते. तोंड बुटाच्या टोकावर टेकवून उभं राहायची गार्ड लोकांना सवय असते. ती मी पहिल्याच दिवशी मोडतो.

काडतुसाचा आकारही बघा. वीस बोरचं काडतूस चुकून बारा बोरच्या नळीत गेलं तर ते पुढे सरकून आत अडकतं आणि चेंबर रिकामं दिसतं. मग मागून बारा बोरचं भरून बार काढला की नळी हातातच फुटते. दोन बोरची काडतुसं एका खिशात, एका पट्ट्यात कधीही ठेवायची नाहीत. ६५ मिलिमीटरच्या चेंबरमध्ये ७० मिलिमीटरचं काडतूसही घालायचं नाही. ते बसतं, पण तोंड उघडायला जागा नसल्यानं आतला दाब वाढतो.

पंप ॲक्शनमध्ये काडतुसं नळीखालच्या ट्यूबमध्ये रांगेत असतात. ट्रिगरगार्डजवळचं बटण दाबलं की ट्रिगरला हात न लावता पंप मागे येतो. एकही काडतूस बाहेर पडेनासं झालं की चेंबर बघायचं आणि ट्यूबचं तोंड बोटानं चाचपायचं.

ठासणीच्या बंदुकीची गोष्टच वेगळी. ती मागून उघडत नाही, त्यामुळे नुसतं बघून काही कळत नाही. आधी निपलवर (नळीच्या मागच्या छोट्या तोटीवर) ठिणगी पाडणारी कॅप आहे का बघा, असेल तर काढा. मग गज तोंडातून तळापर्यंत सोडा आणि तोंडाशी अंगठ्यानं खूण धरा. गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावा. त्याचं टोक निपलच्या पातळीपर्यंत पोचलं तर नळी रिकामी. चार-पाच बोटं अलीकडेच थांबलं तर आत दारू आणि छर्रे ठासलेले आहेत. हे करताना चेहरा आणि छाती नळीच्या तोंडासमोर आणायची नाही. गेल्या हंगामात ठासलेली बंदूक यंदाच्या भातकापणीला कुणी पोरगं खाली उतरवतं, म्हणून घरातल्या थोरांनी हंगाम संपला की ती रिकामी करून घेतलीच पाहिजे. आतली दारू भिजवून बाहेर काढणं जाणकाराकडूनच करून घ्या.

हातातून हातात

ड्युटी बदलताना, मित्राला दाखवताना, दुकानात दुरुस्तीला देताना हत्यार उघडं करूनच द्यायचं. देणारा उघडतो, बघतो, दाखवतो आणि तोंडानं म्हणतो, ‘रिकामी, पाहिली.’ घेणारा ते ऐकतो आणि तरीही स्वतः बघतो. इथे आपल्याकडे भीड आडवी येते. सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झालेल्या काकांनी हातात दिलेली बंदूक त्यांच्यासमोर पुन्हा उघडून बघायची म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. तसं अजिबात नाही. फौजेत राहिलेला माणूस तर उलट न बघता घेणाऱ्यावरच चिडेल. वयानं लहान असलेल्यानं मोठ्याला ‘काका, एकदा उघडून दाखवता का?’ असं सरळ म्हणावं. आणि ते न उघडता पुढे करत असतील, तर हात मागे घ्यावा.

नेमबाजीच्या खेळात हीच शिस्त दिसेल. पॅरिसमध्ये २०२४ साली कांस्य जिंकणारा आपला कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे ज्या खेळात वाढला, त्यात गोळीबार चालू नसताना रायफलच्या नळीतून भडक रंगाची दोरी आरपार घातलेली असते. लांबूनही कळतं की चेंबर मोकळं आहे. बँकेच्या गार्डरूममध्ये अशी दोरी ठेवायला खर्च जवळजवळ नाहीच. एजन्सीवाल्यांनी हे करावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सफाई आणि आपला पावसाळा

हत्यार साफ करताना गोळी सुटली, ही बातमी अधूनमधून येतेच. उपाय असा की चिंधी आणि तेल बाहेर काढायच्या आधी काडतुसं दुसऱ्या खोलीत नेऊन कुलुपात ठेवायची. तपासणी पूर्ण करायची. मगच भाग सुटे करायचे. काही पिस्तुलं सुटी करताना ट्रिगर दाबावा लागतो, तिथे चेंबर तीनदा बघा.

ठाण्याच्या आणि बेलापूरच्या खाडीकाठची हवा लोखंडाला मानवत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर पंधरा दिवसांनी तेलाचा हलका हात फिरवा. चामड्याच्या होल्स्टरमध्ये हत्यार कायमचं ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि आतून गंज चढतो. काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात राहिली तर पितळावर हिरवा थर येतो, ती चेंबरमध्ये अडकतात आणि मग हत्यार नीट रिकामंच होत नाही. सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा.

रेंजवर घोडा पडूनही काडतूस फुटलं नाही, तर लगेच उघडू नका. किमान तीस सेकंद तोंड निशाण्याकडेच ठेवा, कधीकधी बार उशिरा उडतो. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर थांबा, रिकामं करा, नळीत गोळी अडकली आहे का बघा.

कुलूप, मुलं, पाहुणे

हत्यार एका कुलुपात, काडतुसं दुसऱ्या कुलुपात, दोन्ही किल्ल्या मालकाकडे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी हाताळणीचं प्रशिक्षण सक्तीचं केलं आणि हत्यार सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली. कपाटातल्या साड्यांच्या घडीखाली, देवघराच्या खणात, गादीखाली ठेवलेलं हत्यार मुलांना माहीत असतं. आईवडिलांना मात्र ते माहीत नाही असं वाटत असतं. मुलांना दटावून लांब ठेवता येत नाही, त्यांना चार गोष्टी सांगून ठेवा: दिसलं तर थांब, हात लावू नकोस, तिथून बाहेर पड, मोठ्यांना सांग. एअरगनलाही हेच लागू. कबुतरं उडवायला गच्चीवर ठेवलेल्या .१७७ च्या एअरगनचा छर्रा डोळा नेऊ शकतो, आणि ताणून ठेवलेली एअरगन भरलेल्या बंदुकीसारखीच असते.

घराबाहेर

सार्वजनिक ठिकाणी हत्यार होल्स्टरमध्ये आणि झाकलेलं असलं पाहिजे, मिरवायचं नाही. नुसतं कमरेला खोचलेलं पिस्तूल बसता-उठता सरकतं आणि सावरायला गेलेला हात ट्रिगरवर जातो. गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात ठेवून व्हॅलेकडे किल्ली देणारेही पाहिले आहेत. असं कधीही करू नका. विमानानं जाण्याआधी बॅगेचा प्रत्येक खण उलटा करून बघा. विसरलेलं एक जिवंत काडतूस एक्सरेमध्ये दिसलं की प्रवास तिथेच संपतो आणि पोलीस कारवाई सुरू होते.

दसऱ्याला शस्त्रपूजन होतं. पाटावर मांडायच्या आधी हत्यार उघडून तपासा, काडतुसं पाटावर ठेवू नका, तोंड माणसं बसतात त्या बाजूला नको. हळदकुंकू नळीत किंवा घोड्याच्या फटीत जाऊ देऊ नका आणि पूजा झाली की तासाभरात परत कुलुपात. हळदीच्या रात्री मात्र हत्यार घरीच राहू द्या. डीजे, गर्दी, दारू आणि कुणीतरी ‘एक होऊन जाऊ दे’ म्हणणारा, यात तपासणी कोण करणार? वर झाडलेली गोळी खाली येतेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्याच्या कलम २५(९) खाली आनंदाच्या भरात किंवा निष्काळजीपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कुणी दगावलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं, तिथे शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते.

निवडणुकीत हत्यारं जमा करायचे आदेश निघतात, २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोनदा वेळ आली. पोलीस ठाण्याच्या काउंटरवर गर्दी असते, हवालदारसाहेब तीन जणांशी बोलत असतात. हत्यार घरीच, बादलीपाशी रिकामं करा. काडतुसं वेगळ्या पाकिटात, संख्या लिहून घ्या. काउंटरवर खिशातून काढून स्लाइड ओढत बसू नका. ‘तपासून आणलंय, आपण बघून घ्या’ असं सांगून ते सांगतील त्या जागी, तोंड भिंतीकडे करून उघडा. हत्याराचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या असलेली पावती घेतल्याशिवाय निघू नका. परत घेतानाही तीच तपासणी पुन्हा. महिनाभर ते दुसऱ्यांच्या ताब्यात होतं.

मालक गेल्यानंतर

परवानाधारक वारले, दिवसकार्य झालं आणि कपाट आवरताना वहिनींच्या हाती पाऊच लागलं, अशा वेळी घरातल्यांनी ते उघडून ‘भरलेलं आहे का’ बघू नये. इतका वेळ जे सांगितलं ते हाताळायची सवय असलेल्यांसाठी आहे. हत्यार आहे तिथेच राहू द्या, खोलीला कुलूप लावा, परवान्याचं पुस्तक शोधा आणि स्थानिक पोलीस ठाण्यात कळवा. परवानाधारकाच्या पश्चात ते घरात ठेवायचा हक्क आपोआप वारसांकडे येत नाही. ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं, वारसाच्या नावे परवान्याचा अर्ज नंतर करता येतो. आयुक्तालयाच्या हद्दीत हे काम पोलीस आयुक्तांकडे जातं. रिक्षात, भाड्याच्या खोलीत किंवा खाडीकाठी बेवारस पिस्तूल वा गावठी कट्टा दिसला तर हात लावू नका, ११२ ला फोन करा. कट्ट्याला तर भरवशाची सेफ्टीच नसते.

गोळी सुटलीच तर

आधी हत्यार खाली ठेवा, तोंड माणसांपासून दूर. ‘कशी सुटली’ म्हणून ते पुन्हा उचलून बघू नका, आत दुसरी गोळी असेल. जखमीला आडवं करा, रक्त येतं तिथे स्वच्छ कापडाची घडी घालून तळहातानं जोरात दाबून धरा आणि सोडून सोडून बघू नका. घडी भिजली तर वरून दुसरी ठेवा. हातापायातून रक्त उसळत असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तर जखमेच्या वर, सांधा टाळून, रुंद पट्टी काठी घालून आवळा आणि वेळ लिहून ठेवा. आत रुतलेलं काही उपटू नका, पाणी पाजू नका. १०८ ला फोन करा, दुसऱ्या कुणाला ११२ लावायला सांगा. हळद, कॉफी पावडर, चुना काहीही जखमेत भरू नका. कुणाला लागलं नसलं तरी शेजारच्या, खालच्या आणि वरच्या घराची बेल वाजवून सगळे ठीक आहेत ना ते विचारा. भिंतीतलं भोक बुजवू नका, रिकामी पुंगळी उचलू नका, पोलीस येईपर्यंत खोली तशीच राहू द्या.